दहीकाल्याहून परतताना

कुडाळात माझं छपाईचं छोटं दुकान आहे. तुळशीची लग्नं लागली की गावोगावच्या जत्रांची हँडबिलं, फ्लेक्स आणि पावतीपुस्तकं घेऊन माणसं येऊ लागतात, ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. दहीकाल्याच्या, म्हणजे जत्रेत रात्री होणाऱ्या दशावतारी नाटकाच्या, हँडबिलाचा मजकूर मला आता पाठ आहे. देवस्थानाचं नाव, तिथी, दशावतारी मंडळाचं नाव, 'महान पौराणिक ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग', मग नटांची नावं. मी काम सुरू केलं तेव्हा नटाच्या नावाआधी नुसतं 'श्री.' असायचं. आता एकेका नावामागे सम्राट, रत्न, भूषण, हिरा अशा पदव्या लावून देते. कधी दोन पदव्या एका ओळीत मावत नाहीत, मग अक्षर बारीक करावं लागतं. हे सगळं मी माझ्या हाताने टाइप करते, त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्याची जबाबदारी माझ्यावरही येते.

आपल्या कोकणात नाटक, भजन, मालिका, सिनेमा यांबद्दल कौतुक सोडून दुसरं काही बोलायचंच बंद झालं आहे. याने आपल्या कलांचं नुकसान होतंय असं मला वाटतं, आणि ते मला मनापासून लागतं.

लहानपणी दहीकाल्याला जायचं म्हणजे चालत जायचं. पहाटे दहीहंडी फुटली की आम्ही परत निघायचो. मळ्याच्या मेरेवरून माणसांची ओळ, पुढे एकाच्या हातात बॅटरी, मागे आम्ही पोरं झोपेत चालणारी. मोठी माणसं मात्र टक्क जागी असायची, कारण रात्रीच्या नाटकाची चर्चा चाललेली असायची. राजा चांगला बोलला, पण नायकाने पद वरच्या पट्टीत उचललं आणि त्याचा गळा बसला. नारदाने हसवलं खूप, पण कथा अडकवून ठेवली. माझे बाबा गवंडीकाम करायचे, शाळा चौथीपर्यंत. एका पहाटे ते जे बोलले ते मी आजवर विसरले नाही. "आजचो कर्ण बरो रडलो, पण राजासारखो रडाक नाय." शेजारचे काका थांबले, वळले आणि म्हणाले, "अरे, आवशीम्होरां रडताना राजा खयचो ऱ्हवता?" मग घर येईपर्यंत तोच वाद. कर्णाने कुंतीसमोर राजा म्हणून रडावं की मुलगा म्हणून?

तेव्हा मला ते मोठ्यांचं नेहमीचं बोलणं वाटायचं. आज कळतं की अभिनयाबद्दल याहून नेमका प्रश्न मी नंतर कुठल्या छापील परीक्षणातही फारसा वाचला नाही. आणि हे बोलणारी माणसं नटांना ओळखणारी होती. दुसऱ्या दिवशी तोच कर्ण बाजारात भेटला की त्याला तोंडावर सांगायची. तो रागवायचा, किंवा पुढच्या जत्रेला वेगळा रडायचा.

हे बोलणं दशावताराला इतर कुठल्याही नाटकापेक्षा जास्त लागतं, कारण दशावताराचं आख्यान लिहिलेलं नसतं. संध्याकाळी मंडळ देवळात उतरतं, पेटारा ठेवला जातो, जाणता नट कथानक सांगतो, कोणी कुठला पार्ट करायचा ते ठरतं. मग प्रत्येकजण आपापला आरसा घेऊन स्वतःचं तोंड स्वतः रंगवायला बसतो. संवाद पाठ करायचे नसतात, कारण ते अजून जन्मालाच आलेले नसतात. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर अशी सोंगं येणारा सुरुवातीचा आडदशावतार झाला की एका बाकड्यावर दरबार उभा राहतो. पेटी, पखवाज आणि झांज यांच्या साथीने माणसं रात्रभर उभ्या उभ्या भाषा घडवत जातात. तेच आख्यान दुसऱ्या गावात दुसरं होतं. कागदावर काहीच राहत नाही. काल काय घडलं आणि ते परवाच्यापेक्षा चांगलं होतं की वाईट, याची नोंद फक्त बघणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि ती तो बोलला तरच टिकते. परतीच्या वाटेवरचं ते बोलणं म्हणजे दशावताराचं लिहिलं न गेलेलं दफ्तर होतं.

ती वाट आता राहिली नाही. देवळाच्या आवारात शंभर दुचाक्या उभ्या असतात, आडदशावतार पुष्कळदा आटोपता घेतला जातो, नाटक तीन-चार तासांत संपतं आणि माणूस दहा मिनिटांत घरी पोचतो. रस्ता झाला, गाड्या आल्या, हे चांगलंच झालं. म्हाताऱ्या माणसांना आता जत्रेला नेता येतं. मी वाटेसाठी रडत नाही. वाटेबरोबर जे बोलणं गेलं त्याच्या जागी आपण काहीच आणलं नाही, ही माझी तक्रार आहे. नाटक मोबाईलवर थेट दिसतं, मुंबईतले चाकरमानी रात्री जागून बघतात, आणि खाली शेकड्यांनी ओळी पडतात. 'लय भारी', 'एकच नंबर', 'आपलो कोकण', हात जोडल्याचं चित्र. या ओळींमागे प्रेम आहे याबद्दल मला शंका नाही. घरापासून लांब, दहा बाय दहाच्या खोलीत बसून पेटीचा सूर ऐकला की डोळे भरून येतातच. पण त्यातली एकही ओळ नटाला उद्या कामाला येत नाही.

गेल्या जत्रेतली गोष्ट सांगते. गावाचं आणि मंडळाचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. आख्यानात एका आईचं मूल राक्षस पळवतो. ट्रिकसीन होता. धूर, लाल-हिरवे दिवे, राक्षसाचा जबडा उघडतो, आतून ज्वाळा. पोरं किंचाळली, टाळ्या पडल्या. माझ्या घड्याळात तो सीन अकरा मिनिटं चालला. मग दिवे लागले आणि आईचा पार्ट करणारा नट पुढे आला. तो वयस्क, नामांकित माणूस. त्याने पदर डोक्यावर घेतला, गुडघ्यावर बसला, रिकाम्या ओटीकडे बघितलं आणि हात तसाच हवेत राहिला, जणू मुलाच्या डोक्यावरून फिरायला गेला होता. बोलायला त्याने तोंड उघडलं एवढ्यात पुढच्या प्रवेशाची घाई झाली, पेटीने सूर बदलला आणि राजा आला. आईला दोन वाक्यं मिळाली. त्या हवेतल्या हातासाठी मी सगळ्या ज्वाळा दिल्या असत्या.

मी घरी येऊन गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच लिहिलं, सहा-सात ओळी. हाताबद्दलही लिहिलं, कौतुकाने. सकाळपर्यंत चाळीसेक उत्तरं होती. लोककलेवर टीका करून तुला काय मिळालं? कलाकार थंडीत रात्र रात्र जागतात ते दिसत नाही का? तू आमच्याच गावची ना? नाटकाबद्दल त्यात काही नव्हतं. आई जास्त वेळ रडायला हवी होती की नको, यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. माझं म्हणणं चूक असेलही. कदाचित आजच्या प्रेक्षकाला तेवढं रडणं सोसत नसेल आणि त्या मंडळाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळत असेल. मला कोणीतरी खोडून काढायला हवं होतं. मला गप्प केलं गेलं.

ट्रिकसीनला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. दशावतार पहिल्यापासून डोळ्यांचाही खेळ आहे. सोंगं, मुखवटे, संकासुराचा काळा वेष हे सगळं लहान मुलाला घाबरवण्यासाठी आणि खूष करण्यासाठीच तर आहे. प्रश्न एवढाच की ज्वाळा आईच्या दुःखाला वाट करून देतात की तिची जागा खातात. काही मंडळांचे ट्रिकसीन मी असे पाहिले आहेत की त्यानंतरची शांतता जास्त खोल वाटली. म्हणजे फरक करता येतो. तो फरक मोठ्याने सांगणारी माणसं मात्र हवीत.

हाच प्रकार रंगमंचावरच्या आणि पडद्यावरच्या कोकणाबाबत होतो. 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आलं. गंगाराम गवाणकरांचं लिखाण आणि मच्छिंद्र कांबळींचा अभिनय यांनी मालवणीला व्यावसायिक नाटकात मानाने बसवलं. तो मोठाच पराक्रम होता. पण त्यानंतर मालवणी माणूस रंगमंचावर आला की प्रेक्षक हसायला तयार होऊन बसू लागला, आणि लिहिणारेही त्याच तयारीने लिहू लागले. चाळीसहून अधिक वर्षं झाली. आमच्या भाषेत माणूस कर्ज काढतो, जमिनीची भांडणं करतो, आंबा काळा पडला म्हणून रात्री झोपत नाही. ते सगळं मालवणीत गंभीरपणे मांडलं गेलं ते फार थोडं. यावर कोकणातच जोरदार चर्चा व्हायला हवी होती. आम्ही मात्र भाषा ऐकू आली एवढ्यावर समाधान मानलं.

२०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली. तिचं चित्रीकरण झालं त्या आकेरीच्या घराकडे माणसं गाड्या करून येऊ लागली. सुरुवातीला काहींनी आक्षेप घेतला की भुताखेतांनी कोकणाची बदनामी होते. बदनामी हा शब्द एकदा आला की कलेबद्दलचं बोलणं तिथेच थांबतं, कारण पुढे फक्त दोनच बाजू उरतात, माफी मागा किंवा मागणार नाही. त्या मालिकेत घरजमिनीच्या वाटणीवरून भावंडांत चाललेली ओढाताण होती, मोठ्या घरातल्या बायकांचं जगणं होतं. ते किती खरं उतरलं? आमच्या घरांत सातबाऱ्यावर किती नावं असतात आणि एका सहीसाठी किती वर्षं अबोला चालतो हे बघणाऱ्या प्रत्येकाकडे या प्रश्नावर सांगण्यासारखं होतं. कोणी विचारलंच नाही. मालिका लोकप्रिय झाली, आक्षेप विरले आणि त्या घरापुढे फोटो काढणं सुरू झालं.

मग २०२५च्या सप्टेंबरात 'दशावतार' हा सिनेमा आला. दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या ऐंशीनंतर दशावतारी नटाची भूमिका केली. आमच्या वाडीतून दोन गाड्या भरून माणसं गेली, त्यांत मीही होते. अंधारात पडद्यावर आमचं रान दिसलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाई रडत होत्या. मलाही भरून आलं. पण परत येताना गाडीत जे बोलणं झालं ते 'आपला कोकण केवढा मोठा दाखवला' इथेच फिरत राहिलं. बाहेर लोकांनी त्याची तुलना कन्नड 'कांतारा'शी केली, आणि ती तुलनाही कोण कोणासारखं वाटतं यावरच अडकली. खरी तुलना तोंडाला रंग लावून उभ्या राहणाऱ्या माणसाची होती. 'कांतारा'त दिसणाऱ्या, तुळुनाडूतल्या भूतकोला या विधीत देव अंगात येतो. बघणाऱ्यांच्या लेखी तिथे माणूस बोलत नसतो, दैव बोलत असतं. दशावतारी नट पेटाऱ्यातल्या देवांना नमस्कार करून उभा राहतो खरा, पण पुढे बोलतो तो स्वतःच्या अकलेने, आणि चुकला तर चुकीचा धनी तोच. एक विधी, दुसरं नाटक. सिनेमाने दशावतारी माणसाला देवाच्या जवळ नेलं की नटाच्या जवळ? सिनेमातल्या खाण आणि रान यांच्या झगड्यात दशावतार हा विषय होता की वेष? कॅमेरा दर दोन-चार सेकंदांनी तोडत असताना, एका बाकड्यासमोर तासभर प्रेक्षक धरून ठेवणारी ही कला दिसते का? आमच्याच जिल्ह्यातल्या कळणे गावाने खाण जवळून बघितलेली असताना, या प्रश्नांवर सिंधुदुर्गाएवढं बोलायचा अधिकार दुसऱ्या कोणाला आहे? सिनेमा मला आवडला म्हणूनच हे प्रश्न मला पडले. न आवडलेल्या गोष्टीवर मी एवढा वेळ घालवला नसता.

काही लोक म्हणतात, टीका ही पुण्या-मुंबईची सवय, ती आपल्या मातीत नाही. हे मला अजिबात मान्य नाही. भजनाच्या डबलबारीत काय चालतं? एक बुवा गजर करतो, समोरचा बुवा त्याच्या अभंगातली चूक भर मंडपात दाखवतो आणि मग त्याचं उत्तर गाण्यातूनच द्यावं लागतं. रत्नागिरीकडे जाखडी नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना गाण्यातून प्रश्न घालतात, पुराणाचा आधार मागतात. समोरच्याला आधार देता आला नाही तर सगळ्या वाडीला ते कळतं. म्हणजे दोष दाखवणं हा आपल्या कलेचाच भाग होता, तोही सुरातालात. आणि लिहिण्याचं म्हणाल तर ६ जानेवारी १८३२ला 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. मराठी वर्तमानपत्राचा पहिला माणूस या किनाऱ्याने दिला. आज इथल्या पानांवर नाट्यप्रयोगाची बातमी येते ती आयोजकांनी पाठवलेली, 'प्रयोगास रसिकांचा उदंड प्रतिसाद' अशी. त्यातल्या कित्येक बातम्या माझ्याच दुकानात टाइप होतात, आणि काही तर प्रयोग व्हायच्या आदल्या दिवशी.

एक आक्षेप मात्र मी बाजूला सारू शकत नाही. दशावतारी नटाचं पोट नाइटवर, म्हणजे रात्रीच्या प्रयोगाला मिळणाऱ्या पैशावर असतं. पावसात तो शेती करतो, बाकीचे महिने रात्री जागतो. मंडळाला सुपारी देवस्थान कमिटी देते किंवा नवस फेडणारं घर देतं. कोणी वाईट लिहिलं आणि पुढची सुपारी गेली तर? माझ्या ओळखीच्या एका नटाने मला हेच सांगितलं, अगदी शांतपणे. "तुमी लिवतल्यात नि झोपतल्यात. आमका फुडच्या गावात उभ्या ऱ्हवचा लागता." यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मी एवढंच ठरवलंय की नवख्या पोराच्या चुकांवर लिहायचं नाही, माणसाच्या गरिबीवर, आवाजावर, शरीरावर लिहायचं नाही, आणि ज्यांच्या नावावर गर्दी जमते त्यांच्याबद्दल मात्र भीड ठेवायची नाही. पण त्या नटाला मी एक प्रश्न विचारला. गेल्या दहा वर्षांत तुमच्या कामाबद्दल कोणी खोलात जाऊन काही बोललं का? शाल आणि श्रीफळ सोडून? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हातारे बोलायचे. ते गेले."

सरकारी भाषेत आणि अभ्यासकांच्या लेखात दशावतार, नमन, चित्रकथी यांच्यामागे नेहमी एकच क्रियापद येतं, जपणे. कळसूत्री बाहुल्या नाचवणाऱ्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाला, आम्हा सगळ्यांची मान उंच झाली. तो मान त्यांच्या बाहुल्यांच्या दोऱ्यांत आणि बोटांत होता. पण त्या बाहुल्या कशा चालतात, कुठला प्रसंग त्यांना पेलतो आणि कुठला पेलत नाही, यावर किती जणांनी बसून बघितलं आणि लिहिलं? जपायची म्हटली की आपण कला काचेच्या कपाटात ठेवतो, आणि कपाटातल्या वस्तूशी कोणी भांडत नाही. माझे बाबा कर्णाशी भांडायचे, कारण त्यांच्या लेखी कर्ण काल रात्री जिवंत होता.

म्हणून मी माझ्या आवाक्यातलं एक काम सुरू केलंय. हँडबिलाची मागची बाजू कोरी असते. यंदा आमच्या देवस्थान कमिटीचे अध्यक्ष हँडबिलं टाकायला आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, मागच्या बाजूला गेल्या वर्षीच्या दहीकाल्याबद्दल छापूया. आख्यान कुठलं होतं, नायक कोण, कोणी कुठला पार्ट केला, काय जमलं, काय फसलं. छपाईचे जादा पैसे घेणार नाही. ते वयाने बाबांच्या बरोबरीचे, त्या पहाटेच्या ओळीत चालणाऱ्यांपैकीच एक. चष्मा वर सारून बघत राहिले.

"नि वायट लिवलंस तर?"

"काकानू, लिहीन तर खाली माझं नाव घालीन. तुम्हाला पटलं नाही तर तुम्ही लिहा, तेही छापीन."

त्यांनी कच्चा कागद हातात घेतला आणि दुकानाबाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले. चौथ्या ओळीवर त्यातल्या एकाने हात वर केला.

"थांब, थांब. कर्णाचो पार्ट त्येना करूक नाय. तो वृषकेतू होतो."

"वृषकेतू? खुळो जालंस? वृषकेतू गेल्या वर्षी खय होतो?"

"होतो. मी फुड्यात बसलेलंय. नि माका विचारशीत तर तो कर्णापेक्षा बरो बोललो."

मी पेन घेऊन बाहेर गेले आणि बाकावर त्यांच्या शेजारी जागा करून बसले.